नऊ फूट चौरस खोलीतील दोन अभ्यासक
(चोमा द कोरोस आणि लामा सांग्ये फुन्त्सोग यांचे सहजीवन)

पुणे-नगर रस्त्यावरील वाघोली हे गाव एके काळी शेती आणि दगडखाणी यांसाठी परिचित होते. २०२१ साली त्याचा समावेश पुणे महानगरपालिकेत झाला. पण त्याआधीच तेथील महाविद्यालयांनी आणि शेजारच्या खराडीतील संगणक-उद्योगाने गावाचे रूप पालटले होते. विदर्भ, मराठवाडा, खानदेश येथून, तसेच परप्रांतांतून शिक्षणासाठी व नोकरीसाठी आलेले कितीतरी तरुण आज वाघोलीत भाड्याच्या खोल्यांतून राहतात. एका खोलीत तिघे-चौघे, एक शेगडी, भिंतीला टेकवलेल्या गाद्या आणि खिडकीत पुस्तकांची चळत, असे त्यांच्या संसाराचे स्वरूप असते. खोली मिळण्यापूर्वी गाव कोणते, भाषा कोणती आणि विशेषतः आडनाव कोणते, या प्रश्नांची उत्तरे त्यांच्यापैकी अनेकांना द्यावी लागतात. परक्या मुलखात माणूस कशाच्या आधारावर टिकतो, हा प्रश्न त्यामुळे केवळ तात्त्विक राहत नाही.

या प्रश्नाचा विचार करताना बौद्ध विद्येच्या इतिहासातील एका परदेशस्थ अभ्यासकाचे जीवन डोळ्यांसमोर उभे राहते. अलेक्झांडर चोमा द कोरोस (हंगेरियन उच्चाराप्रमाणे कोरोशी चोमा शांदोर) हे ते अभ्यासक होत. तिबेटी भाषेचा शास्त्रशुद्ध कोश आणि व्याकरण इंग्रजीत सिद्ध करणारे आद्य विद्वान म्हणून त्यांचे नाव सर्वत्र आदराने घेतले जाते. तथापि त्यांच्या विद्वत्तेचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश नाही. ते परदेशात कसे राहिले, काय खाल्ले, कोणाशी मैत्री केली आणि त्या मैत्रीचे ऋण इतिहासाने कितपत मान्य केले, एवढ्यापुरताच हा विचार मर्यादित आहे.

घर आणि प्रस्थान

चोमा यांचा जन्म १७८४ साली ट्रान्सिल्व्हेनियातील कोरोस या खेड्यात एका गरीब सेकेय कुटुंबात झाला. सेकेय हे सरहद्दीचे रक्षण करणारे हंगेरियन भाषक लोक होत. हा प्रदेश आज रुमानियात आहे. नाज्येन्येद येथील विद्यालयात त्यांनी शिक्षणाच्या मोबदल्यात काम करणारा विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळविला. मराठी वाचकाला येथे धर्मानंद कोसंबी यांचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. गोव्यातील साखवाळ सोडून १८९९ साली ज्ञानार्थ बाहेर पडलेल्या कोसंबींनी काशीत अन्नछत्राच्या आधाराने संस्कृतचे अध्ययन केले आणि पुढे नेपाळ व सिंहल या देशांपर्यंत मजल मारली. दोघांच्या आयुष्यांत जवळजवळ शतकाचे अंतर आहे. परंतु गरिबीला अध्ययनाची अडचण न मानता तिलाच अध्ययनाची शिस्त बनविण्याची दोघांची रीत एकच होती.

१८१६ ते १८१८ या काळात चोमा जर्मनीतील गटिंगन विद्यापीठात होते. हंगेरियन लोकांचे पूर्वज आशिया खंडात कोठेतरी आजही नांदत असावेत आणि त्यांचा शोध घेणे हे आपले कर्तव्य आहे, अशी त्यांची धारणा होती. १८१९ च्या नोव्हेंबर महिन्यात वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ते घरून निघाले. त्यांचे गुरुमित्र हेगेद्यूश यांनी लिहून ठेवलेल्या आठवणीनुसार त्या वेळी त्यांच्या अंगावर पातळ पिवळसर कापडाचे कपडे होते, हाती काठी होती आणि जवळ एक लहानसे गाठोडे होते. जणू शेताकडे फेरफटका मारण्यास निघावे तसा हा मनुष्य आशियाकडे निघाला होता.

बुखारेस्ट, अलेक्झांड्रिया, अलेप्पो, मोसुल, बगदाद, तेहरान, बुखारा, काबूल असा दोन वर्षांहून अधिक काळचा प्रवास त्यांनी बहुतांशी पायी, तर काही ठिकाणी काफिल्यासोबत व जलमार्गाने केला. वाटेत ते आशियाई वेष धारण करीत आणि सिकंदर बेग या नावाने वावरत. तेहरानमध्ये ब्रिटिश वकिलातीतील हेन्री विलक यांनी त्यांना आश्रय दिला. काबूलकडून लाहोरला येताना रणजितसिंगांच्या सेवेत जाणारे आलार आणि व्हेंतुरा हे दोन युरोपीय अधिकारी त्यांचे सोबती झाले. १८२२ च्या जूनमध्ये ते लेहला पोहोचले. तेथून यारकंदला जाण्याचा मार्ग बिकट व खर्चिक असल्याचे कळल्यावर ते मागे फिरले.

रस्त्यावर भेटलेला मित्र

परतीच्या वाटेवर, १६ जुलै १८२२ रोजी, द्रासजवळ त्यांची विल्यम मूरक्रॉफ्ट यांच्याशी गाठ पडली. मूरक्रॉफ्ट हे ईस्ट इंडिया कंपनीचे पशुवैद्य होते आणि उत्तम जातीच्या घोड्यांच्या शोधात मध्य आशियाकडे निघाले होते. त्यांनी चोमा यांना आपल्याजवळ ठेवून घेतले, जॉर्जी यांनी रचलेला तिबेटी भाषेवरील ग्रंथ वाचावयास दिला आणि तिबेटीचे अध्ययन करण्याचा सल्ला दिला. खर्चासाठी तीनशे रुपयेही दिले. या साह्यामागे कंपनीचा राजकीय स्वार्थ नव्हता असे म्हणता येणार नाही. तिबेटी जाणणारा एखादा विश्वासू माणूस सरहद्दीपलीकडील कारभारासाठी कंपनीला हवाच होता. परंतु हेतू मिश्र असला तरी हे साह्य खरे होते. मूरक्रॉफ्ट १८२५ साली मध्य आशियातच मरण पावले. आपल्या मित्राच्या हातून घडलेले कार्य पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

येथे चोमा यांच्या आयुष्याने वेगळे वळण घेतले. ज्या पूर्वजांच्या शोधात ते आले होते ते त्यांना कधीच सापडले नाहीत. मात्र ज्या भाषेशी त्यांचा कोणताही रक्तसंबंध नव्हता तिने त्यांना आपलेसे केले.

झांगला येथील हिवाळा

२० जून १८२३ रोजी चोमा झंस्कारमधील झांगला येथे आले आणि १८२४ च्या ऑक्टोबरपर्यंत तेथे राहिले. त्यांचे गुरू होते लामा सांग्ये फुन्त्सोग. हे लामा व्याकरण, धर्मग्रंथ आणि वैद्यक यांत निष्णात होते आणि त्यांनी हिमालयीन प्रदेशांत बराच प्रवास केला होता. गुरू, शिष्य आणि एक सेवक असे तिघे नऊ फूट लांब व नऊ फूट रुंद अशा एका खोलीत राहत. हिवाळ्याचे तीन-चार महिने बाहेर पाऊल टाकण्याची सोय नव्हती; जमीन बर्फाने झाकलेली आणि तापमान शून्याच्या खाली. खोलीत विस्तव नाही, संध्याकाळनंतर दिवा नाही, निजावयास उघडी जमीन. मेंढीच्या कातड्याचा झगा पांघरून, हात छातीशी घट्ट धरून चोमा सकाळपासून सायंकाळपर्यंत वाचीत बसत. थंडी इतकी तीव्र असे की, पान उलटण्यासाठी हात लोकरीबाहेर काढणे हेच एक दिव्य होऊन बसे. पुढे डॉ. जेम्स जेरार्ड यांनी चोमा यांच्याकडून ऐकून हे वर्णन नोंदविले आहे.

चोमा यांचे चरित्र सांगताना या वर्णनाचा उल्लेख हमखास होतो आणि वाचक त्यांच्या सहनशक्तीपुढे नतमस्तक होतो. ते योग्यच आहे. परंतु त्या खोलीत चोमा एकटे नव्हते, ही साधी गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. तीच थंडी लामांनी सोसली आणि तोच अंधार सेवकानेही सोसला. शिष्याने विचारलेल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ, त्याची व्युत्पत्ती, त्याचा ग्रंथातील संदर्भ लामांनी सांगावयाचा आणि शिष्याने लिहावयाचा, असा हा क्रम होता. कंजूर आणि तंजूर या शेकडो पोथ्यांच्या संग्रहांत कोठे काय आहे, हे सांगणारा वाटाड्या नसता तर त्या अरण्यात परका मनुष्य वर्षानुवर्षे भटकत राहिला असता. युरोपीय विद्वानांना या संग्रहांच्या अंतरंगाचा तपशीलवार परिचय चोमा यांच्या निबंधांतून झाला, हे सत्य आहे. चोमा यांना तो परिचय त्या नऊ फूट चौरस खोलीत झाला, हेही तितकेच सत्य आहे.

या सहकार्याचा लेखी पुरावाही उपलब्ध आहे. सांग्ये फुन्त्सोग, कुंगा चोलेग आणि त्सुलत्रिम ग्यात्सो या तीन विद्वानांनी चोमा यांच्या प्रश्नांना उत्तरे म्हणून तिबेटी भाषेत लहान लहान ग्रंथ रचले. जगाची उत्पत्ती, धर्मसिद्धान्त, तर्क, व्याकरण असे त्यांचे विषय होत. प्रश्नकर्त्याच्या नावावरून अभ्यासकांत ते ‘अलेक्झांडरचे ग्रंथ’ म्हणून ओळखले जातात आणि आज ते बुडापेस्ट येथील हंगेरियन विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयात जतन केलेले आहेत. एका परदेशी विद्यार्थ्याच्या शंकांचे समाधान करण्यासाठी तीन पंडितांनी नवे ग्रंथ रचावेत, ही अध्यापनाच्या इतिहासातील असामान्य घटना मानली पाहिजे.

संशय, रुसवा आणि सलोखा

या मैत्रीचे चित्र केवळ गोड रंगांत रंगविणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. १८२४ च्या अखेरीस लामा ठरल्याप्रमाणे येऊन मिळाले नाहीत, म्हणून चोमा एकटेच सबाथू येथील ब्रिटिश ठाण्यावर उतरले. तेथे त्यांचे स्वागत संशयाने झाले. तिबेटी पोथ्या बाळगणारा हा युरोपीय मनुष्य कोण, कोणाचा, कशासाठी आला, याचा उलगडा होईपर्यंत कॅप्टन केनेडी यांनी त्यांना थांबवून ठेवले. २८ जानेवारी १८२५ रोजी चोमा यांनी आपले कुल, शिक्षण, प्रवास आणि हेतू यांचे सविस्तर निवेदन लिहून दिले. चोमा यांच्या पूर्वायुष्याची आपणांस जी माहिती आहे तिचा फार मोठा भाग या निवेदनावर आधारलेला आहे. आपण कोण हे सिद्ध करण्याची सक्ती झाल्यामुळेच एका अबोल माणसाचे आत्मचरित्र जगाला मिळाले. त्यानंतर सरकारने त्यांना दरमहा पन्नास रुपये मंजूर केले. ज्या केनेडींनी संशय घेतला त्यांच्याशीच पुढे चोमा यांचा स्नेहपूर्ण पत्रव्यवहार चालू राहिला.

१८२५-२६ मध्ये झंस्कारमधील फुगताल विहारात झालेला दुसरा मुक्काम निराशाजनक ठरला. लामांचे अध्यापनाकडे पूर्वीसारखे लक्ष नव्हते आणि काम अपुरे राहिल्याची खंत चोमा यांनी केनेडींना कळविली. मात्र संबंध तुटला नाही. १८२७ पासून किन्नौरमधील कानम येथे हे दोघे पुन्हा एकत्र आले आणि १८३० पर्यंत कोश व व्याकरण यांचे काम जवळजवळ पूर्णत्वास गेले. राग येऊ न देणारी मैत्री नव्हे, तर राग आल्यानंतरही कामासाठी पुन्हा शेजारी बसविणारी मैत्री या दोघांत होती, असे म्हणावे लागते.

कानम येथील घरखर्च

देवी रोगाच्या लसीकरणाचा प्रसार करण्यासाठी डॉ. जेरार्ड १८२८ साली किन्नौरमध्ये गेले असता कानम येथे चोमा यांना भेटले. त्यांनी दिलेला वृत्तान्त म्हणजे एका विद्वानाच्या घरखर्चाची दुर्मीळ नोंद आहे. पन्नास रुपयांपैकी पंचवीस रुपये लामांना, चार रुपये सेवकाला आणि एक रुपया घरभाड्याला जाई. उरलेल्या वीस रुपयांत आहार, वस्त्र, लेखनसाहित्य आणि ग्रंथ यांची तरतूद करावयाची. लोणी घातलेला तिबेटी पद्धतीचा चहा हेच त्यांचे मुख्य अन्न होते. जेरार्ड यांनी देऊ केलेल्या भेटवस्तूंपैकी बहुतेक त्यांनी नम्रपणे नाकारल्या. परतफेड करता येणार नाही असे काहीही स्वीकारावयाचे नाही, असा त्यांचा बाणा होता.

या हिशेबातील पहिलीच बाब विचार करण्याजोगी आहे. सरकारी पैशाचा अर्धा वाटा चोमा आपल्या गुरूला देत होते. ज्या काळात युरोपीय अधिकारी स्थानिक पंडितांकडून काम करवून घेत आणि मानाचे श्रेय स्वतःकडे ठेवीत, त्या काळात आपल्या आणि गुरूच्या श्रमांचे मोल समान मानणारा हा व्यवहार होता. दुर्दैवाने सेवकाचे चार रुपये मात्र इतिहासात बेनामीच राहिले.

कलकत्ता आणि दार्जिलिंग

१८३१ साली चोमा कलकत्त्यास आले. एशियाटिक सोसायटीच्या आश्रयाने त्यांचा कोश आणि व्याकरण हे दोन्ही ग्रंथ १८३४ साली छापून झाले. प्रत्येकाच्या पाचशे प्रती सरकारी खर्चाने काढण्यात आल्या. होरेस विल्सन आणि जेम्स प्रिन्सेप यांसारख्या विद्वानांचा सहवास त्यांना लाभला, तथापि शहरी मेजवान्यांत ते रमले नाहीत. १८३६-३७ च्या सुमारास तराईच्या सीमेवर मेजर लॉइड यांनी त्यांना स्वतःच्या घरी राहण्याचा आग्रह केला, तेव्हा चोमा यांनी तो मानला नाही. साहेबाच्या घरी जेवलो-राहिलो तर सामान्य लोक आपल्याशी मोकळेपणाने बोलणार नाहीत, असे त्यांना वाटे. म्हणून ते एका साध्या झोपडीत राहिले. भाषा शिकावयाची तर त्या भाषेच्या माणसांत राहिले पाहिजे, हे त्यांचे सूत्र शेवटपर्यंत कायम होते.

पुढे कलकत्त्यात सोसायटीचे ग्रंथपाल म्हणून काम करताना ते ग्रंथांच्या पेट्यांमध्येच झोपत. १८४० च्या सुमारास पेश्त येथील चित्रकार ऑगस्ट शेफ्ट यांनी त्यांचे रेखाचित्र काढले. प्रत्यक्ष पाहून काढलेले त्यांचे तेवढेच चित्र आज उपलब्ध आहे. ज्या देशात त्यांनी वीस वर्षे घालविली तेथे त्यांचा चेहरा टिपण्यासाठी मायदेशातूनच माणूस यावा लागला, हा योगायोगही अर्थपूर्ण आहे.

१८४२ च्या आरंभी ल्हासाला जाण्याच्या उद्देशाने ते पुन्हा निघाले. तराई ओलांडताना त्यांना हिवतापाने गाठले. दार्जिलिंग येथे डॉ. कॅम्पबेल यांनी त्यांची शुश्रूषा केली. परंतु ११ एप्रिल १८४२ रोजी त्यांचे निधन झाले. कॅम्पबेल यांच्या नोंदीनुसार त्यांच्या सामानात पुस्तकांच्या व कागदांच्या चार पेट्या, नेहमी अंगावर असणारा निळा पोशाख, थोड्या चादरी आणि स्वयंपाकाचे एक भांडे होते. दार्जिलिंग येथील त्यांची समाधी आजही अभ्यासकांचे तीर्थस्थान आहे. चोमा यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेली नव्हती. ते अखेरपर्यंत आपल्या ख्रिस्ती पंथातच राहिले. तरीही १९३३ साली जपानमधील तैशो विद्यापीठाने त्यांच्या ध्यानस्थ मूर्तीचा स्वीकार करून त्यांना बोधिसत्त्वाचा मान दिला.

श्रेयाचा प्रश्न

आता मूळ मुद्द्याकडे वळू. १८३४ च्या कोशाचे शीर्षकपृष्ठ पाहिले असता आश्चर्य वाटते. तेथे चोमा यांच्या नावासोबत, झंस्कारचे विद्वान लामा सांग्ये फुन्त्सोग यांच्या साह्याने हा ग्रंथ सिद्ध झाला, असे स्पष्ट छापलेले आहे. म्हणजे चोमा यांनी आपल्या गुरूचे नाव लपविले नाही. ते पहिल्याच पानावर ठेवले. लामांच्या नावाची उपेक्षा केली ती नंतरच्या वाचकांनी, चरित्रकारांनी आणि गौरवग्रंथांनी. स्मारके एकाची झाली, शताब्द्या एकाच्या झाल्या आणि ज्याने शब्दांचे अर्थ सांगितले तो तळटीपेत गेला.

ही उपेक्षा अपवादात्मक नाही. धर्मानंद कोसंबी १९१० साली विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठात गेले. वॉरन यांचे अपूर्ण राहिलेले ते काम पुढे नेताना श्रेयनामावलीत आपले स्थान काय, यावरून प्रा. लॅनमन यांच्याशी त्यांचा मतभेद झाला आणि १९१२ साली ते परत आले. ती आवृत्ती १९५० साली, कोसंबींच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली. पालीचा अधिकारी पंडित असूनही कोसंबींना जे झगडून मागावे लागले, ते सांग्ये फुन्त्सोग यांना चोमा यांनी न मागता दिले होते. मैत्रीची खरी कसोटी अडचणीच्या काळात जशी लागते, तशी ती यशाच्या काळातही लागते.

भगवान बुद्धांनी कल्याणमित्रतेला धम्मजीवनात कोणते स्थान दिले हे सर्वश्रुत आहे. सत्पुरुषांची मैत्री म्हणजे अर्धे ब्रह्मचर्य होय, असे आनंद म्हणाले असता तथागतांनी ते दुरुस्त करून तिला संपूर्ण ब्रह्मचर्याचे मोल दिले. संयुत्तनिकायातील उपड्ढसुत्ताचा आशय हाच आहे. झांगला येथील खोलीत एक ख्रिस्ती आणि एक बौद्ध एकमेकांचे कल्याणमित्र झाले, त्यासाठी कोणालाही आपला धर्म सोडावा लागला नाही.

हरवलेले नातलग

चोमा यांच्या शोधात एक उपरोधही दडलेला आहे. हंगेरियन भाषेचे नाते आशियाच्या मध्यभागी नव्हे, तर फिनिश व तत्सम भाषांशी आहे, असे शायनोविच यांनी १७७० मध्ये आणि ग्यारमती यांनी १७९९ मध्ये दाखवून दिले होते. ग्यारमतींचा ग्रंथ तर गटिंगनलाच छापला गेला होता. दुसरीकडे, ज्या रोमा लोकांची भाषा खरोखरच भारतीय कुळातील आहे ते चोमा यांच्या मायदेशात शतकानुशतके राहत होते. ही गोष्ट १७८३ मध्ये सविस्तर मांडणारे ग्रेलमान हेही पुढे गटिंगनचेच प्राध्यापक झाले. नातलगांच्या शोधात चोमा हजारो मैल चालले. भारताचे नातलग मात्र त्यांच्या मागे, गावाच्या कडेला, अवहेलनेत जगत होते.

त्याच रोमा समाजातील मुलांसाठी ईशान्य हंगेरीतील शायोकाझा या खेड्यात २००७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाची शाळा सुरू झाली. देरदाक तिबोर आणि ओरशोश यानोश हे तिचे संस्थापक. शाळांमधून रोमा मुलांना वेगळे बसविण्याचे प्रकार तेथे घडत आले आहेत. बाबासाहेबांचे ग्रंथ वाचून आणि महाराष्ट्रातील आंबेडकरी बौद्धांना भेटून या मंडळींना आपल्या प्रश्नाचे नाव सापडले आणि त्यांच्या संघटनेने जय भीम हे नाव घेतले. चोमा भारतात जे शोधीत होते ते त्यांना मिळाले नाही. दीडशेहून अधिक वर्षांनंतर त्यांच्या देशबांधवांना मात्र महाराष्ट्रात नाते सापडले. हे नाते रक्ताचे नव्हते, समान दुःखाचे आणि समान निश्चयाचे होते.

वाघोलीच्या खोल्यांतून आज कोणी अभियांत्रिकीचा, कोणी औषधशास्त्राचा, तर कोणी पालीचा अभ्यास करीत असेल. त्यांपैकी प्रत्येकाजवळ शब्दाचा अर्थ सांगणारा, शुल्काला हातभार लावणारा, आजारपणात पेज करून देणारा कोणीतरी सांग्ये फुन्त्सोग असतो. पदवी मिळाल्यावर, नोकरी लागल्यावर, ग्रंथ छापून झाल्यावर त्याचे नाव आपल्या पहिल्या पानावर राहते की नाही, हे ज्याचे त्याने पाहावयाचे आहे.